खाजगी विमान : स्वयंचालक आणि इंजिनाचे आयुष्य

आठवड्याचा बाजार उरकून रात्री परतणारी बैलगाडी तुम्ही कधीतरी पाहिली असेल. गाडीवान घोंगडी ओढून आडवा झालेला असतो, कासरा सैल सुटलेला असतो आणि बैल आपल्या चालीने घराकडे चाललेले असतात. वाट त्यांच्या पायाखालची असते. गाडीवानाचा त्यांच्यावर विश्वास असतो आणि तो बहुधा खराही ठरतो. पण एखाद्या रात्री पावसाने ओढ्यावरची मोरी वाहून गेलेली असली म्हणजे? तेव्हा गाडीवान वेळेवर जागा झाला की नाही, यावरच सगळं अवलंबून राहतं.

वाचकहो, एका इंजिनाचे, चार माणसे बसतील एवढे छोटे विमान चालवणाऱ्या माणसापुढे हाच प्रश्न दोन रूपांनी उभा असतो. त्याच्या हाताचे काम करणारे एक यंत्र असते, त्याला ऑटोपायलट किंवा स्वयंचालक म्हणतात. आणि नाकाशी एक इंजिन असते. ते कधी बंद पडू नये एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. दोन्हींवर विश्वास टाकल्यावाचून उडता येत नाही. पण तो किती टाकावा, आणि कशाच्या आधारावर? बारामती किंवा धुळे या बाजूला राहणाऱ्यांना शिकाऊ वैमानिकांची विमाने डोक्यावर घिरट्या घालताना दिसतात. त्यांतल्या प्रत्येकाला हा हिशेब शिकावा लागतो. तो आज आपणही समजून घेऊ.

प्रथम स्वयंचालकाकडे वळू. ही काही कालपरवाची युक्ती नव्हे. राइट बंधूंचे पहिले उड्डाण १९०३ चे. त्यानंतर अकराच वर्षांनी, १८ जून १९१४ रोजी, पॅरिसजवळ सेन नदीवर लॉरेन्स स्पेरी नावाच्या अमेरिकन तरुणाने आपले विमान परीक्षकांसमोरून नेले, तेव्हा त्याचे दोन्ही हात डोक्याच्या वर होते! पुढच्या फेरीला त्याचा फ्रेंच मदतनीस एमिल काशँ चालत्या विमानाच्या पंखावर जाऊन उभा राहिला. एका बाजूला एवढे ओझे आल्यावर विमान कलंडायला हवे होते. पण ते सरळ चालत राहिले. विमान सांभाळत होता तो जायरोस्कोप, म्हणजे आपला भोवराच म्हणा ना!

भोवरा जोरात फिरत असला म्हणजे त्याची आरी आपली दिशा सहजासहजी सोडत नाही, हे प्रत्येक पोराला ठाऊक असते. तसा एक भोवरा चौकटीत मोकळा टांगून विमानात बसवला, तर विमान कलले तरी तो कलत नाही. दोघांमध्ये पडलेला फरक म्हणजेच विमानाचा कल. तो फरक यंत्राने ओळखायचा, आणि पंखांच्या मागच्या कडेला असलेल्या हलत्या पट्ट्या तेवढ्याच प्रमाणात उलट फिरवायच्या. फरक मिटला की थांबायचे. तत्त्व एवढेच. पूर्वी भोवरा खरोखरीचा असे; आजच्या नव्या यंत्रांत त्याच्या जागी नखाएवढ्या इलेक्ट्रॉनिक चकत्या आल्या आहेत. पण विचारण्याचा प्रश्न तोच आहे : कुठे असायला हवे, कुठे आहे, आणि फरक किती?

विमान तीन प्रकारांनी हलते. ते कुशीवर कलते, नाक वर-खाली करते, आणि नाक डाव्या-उजव्या बाजूला वळवते. साध्यात साधा स्वयंचालक यांपैकी फक्त पहिली हालचाल सांभाळतो, म्हणजे पंख समतोल ठेवतो. आणि सांगितल्यास ठरावीक दिशा धरतो. त्याच्या वरच्या पायरीचा दोन हालचाली सांभाळतो. तो नाक वर-खाली करून उंचीही कायम राखतो. तिसरी हालचाल सांभाळणारे यंत्र मोठ्या किंवा महागड्या विमानांत असते. या यंत्राचे हात म्हणजे लहान विजेच्या मोटारी. त्या मुद्दाम घसरत्या जोडणीने बसवलेल्या असतात, म्हणजे वैमानिकाने जोर लावला तर माणूस जिंकावा, मोटार नव्हे. शिवाय यंत्र तात्काळ सोडवण्यासाठी हाताच्या अंगठ्याखाली एक बटण असते. विमानात बसल्यावर हे बटण सगळ्यात आधी दाखवून घ्यावे, असा शहाणा रिवाज आहे.

या यंत्राची किंमत कळण्यासाठी दोन गोष्टी सांगतो.

पहिली वायली पोस्ट या अमेरिकन वैमानिकाची. १९३१ साली त्याने हॅरॉल्ड गॅटी या वाटाड्याला बरोबर घेऊन ८ दिवस १५ तास ५१ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. १९३३ साली तेच विमान घेऊन तो एकटाच निघाला. आता बरोबर माणूस नव्हता, स्पेरी स्वयंचालक होता. यंत्राने वाटेत कुरकुर केली, त्याच्या दुरुस्तीसाठी थांबावेही लागले. तरी ७ दिवस १८ तास ४९ मिनिटांत तो परत आला. पण पोस्ट काही निश्चिंत झोपला नव्हता. तो बोटाला दोरीने एक पाना बांधून हातात धरून बसे, असे सांगतात. डोळा लागला की पाना सुटायचा, बोटाला हिसका बसायचा आणि तो जागा व्हायचा. यंत्रावर विश्वास ठेवणारा माणूस कसा असावा, याचे याहून चांगले चित्र मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट १९५४ सालची. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. बाहेरचे काही न पाहता केवळ उपकरणांवर विमान चालवण्याचे शिक्षण नसलेली २० माणसे घेतली, आणि ढगात शिरल्यासारखी परिस्थिती निर्माण केली. विसांपैकी विसांच्या हातून विमानाचा ताबा सुटला. एकोणीसजण गोल गोल फिरत खाली येणाऱ्या गिरकीत सापडले. ताबा सुटायला लागलेला वेळ सरासरी १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटेसुद्धा नाहीत!

असं का व्हावं? आपला तोल कानाच्या आतल्या भागात सांभाळला जातो, आणि तो भाग हळूहळू होणारे वळण ओळखू शकत नाही. डोळ्यांना क्षितिज दिसत असते तोवर ही उणीव झाकून जाते. क्षितिज नाहीसे झाले की माणूस कललेला असूनही स्वतःला सरळच समजतो. विमान खाली चालले आहे असे वाटून तो नाक वर ओढतो, आणि त्यामुळे गिरकी आणखीच आवळते. अशा वेळी साधा पंख सांभाळणारा स्वयंचालकसुद्धा जीवदान देऊ शकतो; कारण भोवऱ्याला कान नसतात आणि भीतीही नसते.

पण यंत्र विमानात असणे आणि ते वेळेवर उपयोगी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १६ जुलै १९९९ च्या रात्री अमेरिकेचे माजी अध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव जॉन केनेडी स्वतः विमान चालवीत मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाले होते. बरोबर पत्नी आणि मेव्हणी होती. विमान समुद्रात कोसळले, तिघेही गेले. अंधारी रात्र, खाली पाणी, धुरकट हवा, अशा स्थितीत वैमानिकाला दिशाभ्रम झाला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. त्या पायपर साराटोगा विमानात दोन हालचाली सांभाळणारा स्वयंचालक बसवलेला होता. म्हणून शिक्षक सांगतात : हे यंत्र चांगल्या हवेत, भर दिवसा, पुन्हा पुन्हा लावून आणि सोडवून हाताला वळण पाडून घ्या. संकटात माणूस नवे काही शिकत नाही. हात जे शिकलेले असतात तेच करतात.

आता या सेवकाचे दोष पाहू. पहिला असा, की त्याला स्वतःचे डोळे नाहीत. जुन्या विमानांत भोवरा फिरवण्यासाठी हवा ओढणारा एक पंप असतो आणि तो इंजिनावर चालतो. पंप मोडला की भोवरा मंदावतो आणि हळूहळू लवंडतो. त्याच्यावर विसंबलेला स्वयंचालकही मग मोठ्या निष्ठेने विमान तिरके करू लागतो. यंत्र बिघडलेले नसते. त्याला मिळालेली बातमी खोटी असते. म्हणूनच काही बनावटींत स्वयंचालकाला स्वतंत्र, विजेवर चालणाऱ्या उपकरणाकडून माहिती देतात. तरी वैमानिकाने निरनिराळी उपकरणे एकमेकांशी ताडून पाहायचीच असतात.

दुसरा दोष अधिक घातक आहे. छोट्या विमानांतल्या बहुतेक स्वयंचालकांचा हात इंजिनाच्या दांड्यापर्यंत पोचत नाही. समजा, तुम्ही त्याला सांगितलं, ‘अमुक उंची सोडू नकोस.’ पंखांवर बर्फ साचू लागले किंवा इंजिनाची शक्ती कमी झाली, तर विमान खाली यायला बघते. यंत्र काय करते? नाक थोडे वर उचलते. वेग कमी होतो. मग ते नाक आणखी उचलते, वेग आणखी घटतो. बाहेरून सगळे शांत दिसते. उंचीचा काटा जागचा हलत नाही. आणि एका क्षणी पंखांवरून वाहणारी हवा त्यांना उचलून धरण्याचे काम सोडते, की विमान दगडासारखे खाली जाऊ लागते. सेवकाने आज्ञा अक्षरशः पाळली, पण मालकाने वेगाच्या काट्याकडे पाहिले नाही.

नव्या यंत्रांत यावर तोड निघाली आहे. वेग फार घटला तर ती आपण होऊन नाक खाली घेतात. गोंधळ झाल्यास विमान समतोल करणारे स्वतंत्र बटणही काहींत असते. २०२० साली तर पायपर एम६०० या विमानात, वैमानिक निपचित पडला तरी प्रवाशाने एक बटण दाबल्यावर विमान स्वतःच विमानतळ निवडून उतरवणाऱ्या यंत्रणेला अमेरिकेत मान्यता मिळाली. ही मोठीच गोष्ट आहे. पण जगात उडणारी हजारो छोटी विमाने तीस, चाळीस, पन्नास वर्षांची आहेत. त्यांच्या पोटात जुनाच सेवक बसलेला आहे.

इथेच आपल्या विषयाचे दोन धागे एकत्र येतात. इंजिन बंद पडले हे त्या जुन्या सेवकाला कळतच नाही. म्हणून इंजिन थांबताच वैमानिकाने आधी वेग सांभाळायचा असतो. सेसना १७२ हे १९५६ पासून बाजारात आलेले विमान घ्या. आजवर ४४,००० हून अधिक बनली आहेत. त्याच्या अलीकडच्या बनावटीत इंजिन बंद असता सुमारे ६८ नॉट, म्हणजे ताशी सव्वाशे किलोमीटर वेग ठेवला, तर हजार फूट उंचीमागे सुमारे पावणेतीन किलोमीटर तरंगत जाता येते. तेवढ्या टापूत शेत, माळ, रस्ता जे मिळेल ते आपले. तर मग, ते इंजिन थांबूच नये म्हणून काय करतात?

छोट्या विमानाचे इंजिन पाहिले तर मोटारवाल्याला नवल वाटेल. चार किंवा सहा सिलिंडर, समोरासमोर आडवे मांडलेले. पाण्याऐवजी वाऱ्याने थंड होणारे. ठिणगीसाठी प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि त्यांना वीज पुरवणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो. बॅटरी पार मेली तरी इंजिन चालूच राहते, आणि एक मॅग्नेटो गेला तरी दुसऱ्यावर घर गाठता येते. पण काम मात्र कष्टाचे. सपाट रस्त्यावर मोटार आपल्या ताकदीचा थोडासाच भाग वापरते. विमानाचे इंजिन मात्र तासन् तास आपल्या ताकदीच्या ६५ ते ७५ टक्के जोराने राबते.

अशा इंजिनाला कारखाना एक मुदत घालून देतो. इतके तास चालले की ते उतरवून पूर्ण उलगडावे, यालाच ओव्हरहॉल म्हणतात. आपल्याकडे गाडीने ‘इंजिनकाम काढलं’ म्हणतात, त्याचाच हा थोरला भाऊ. सेसना १७२ मध्ये १९६८ पासून आलेल्या लायकमिंग इंजिनाच्या घराण्यात ही मुदत साधारण २,००० तासांची आहे. आणि तास भरले नाहीत तरी बारा वर्षांची. २,००० तास म्हणजे किती? मिनिटाला २,४०० फेरे धरले तर २८ कोटी ८० लाख फेरे! आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये त्याच्या निम्म्या, म्हणजे १४ कोटी ४० लाख वेळा पेट्रोलचा भडका.

ओव्हरहॉलमध्ये इंजिनाचा एकूण एक भाग सुटा करून धुतात आणि मायक्रोमीटरने मोजतात. मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, चुंबकीय करून त्यावर लोखंडाचा बारीक कीस सोडतात. डोळ्याला न दिसणारी चीर असेल तर कीस तिथे रेघ धरतो. बेअरिंगे, रिंगा, सील वगैरे भाग न विचारता नवे घालतात. बाकीचे भाग मोजमापात बसले तर ठेवतात. इथे गिऱ्हाइकाने एक प्रश्न विचारावा : मोजमाप कोणते? नव्या भागाचे, की ‘अजून चालेल’ अशा सवलतीचे? दोन्हींना कायद्याने ओव्हरहॉलच म्हणता येते. पण एकात दोनचार वर्षांनी पुन्हा खर्चात पडण्याची भीती असते. काम लाखो रुपयांचे असते, म्हणून हा प्रश्न विचारायला लाजू नये.

आता वादाचा मुद्दा. २,००० तास झाले, पण इंजिन घड्याळासारखे चालते आहे. ते उलगडावे का? आणि ९०० तासच झाले आहेत म्हणून निर्धास्त राहावे का?

अमेरिकेत स्वतःपुरते उडणाऱ्या मालकाला ही मुदत म्हणजे कारखान्याची शिफारस असते, सक्ती नव्हे. भाड्याने प्रवासी नेणाऱ्यांना नियम कडक असतात. आपल्या देशात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे आणि विमानाच्या मंजूर देखभालीप्रमाणे चालावे लागते. नियम पाळायचेच, पण नियमाच्या पोटातली बुद्धीही समजून घ्यावी.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या पाणबुडीविरोधी विमानांचा अभ्यास सी. एच. वॉडिंग्टन या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केला. दर ५० तासांनी विमानांची ठरलेली तपासणी होई. अपेक्षा अशी, की तपासणीनंतर बिघाड कमी व्हावेत आणि पुढची तपासणी जवळ येईल तसे ते वाढावेत. आकडे मांडले तर उलटेच निघाले! बिघाड सर्वांत जास्त होत ते तपासणीच्या लगेच नंतर, आणि पुढे पुढे कमी होत. चांगले चाललेले यंत्र उगाच खोलले, की कुठे पेच ढिला राहतो, कुठे नळी उलटी बसते. १९७८ साली अमेरिकेत नोलन आणि हीप यांनी विमानांच्या भागांविषयी प्रसिद्ध केलेल्या अहवालातही हेच दिसले, की वय झाले म्हणून मोडणारे भाग थोडे. नवेपणीच दगा देणारे पुष्कळ.

याचा अर्थ इंजिन उघडूच नये असा नाही. अर्थ असा, की तासांच्या आकड्याकडे पाहून निर्धास्त होऊ नये आणि घाबरूनही जाऊ नये, इंजिनालाच विचारावे. आणि इंजिन बोलते बरं का! दर ५० तासांनी तेल बदलताना त्याची गाळणी कापून उघडतात. तिच्या घड्यांत धातूचे कण चमकले तर आत कोणीतरी झिजते आहे. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत दिला तर लोखंड किती, क्रोमियम किती, तांबे किती हे कळते. सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाची हवा सोडून किती टिकते ते पाहतात. नुसते ‘गळते’ एवढ्यावर थांबत नाहीत. हवा कुठून सुटते ते कान देऊन ऐकतात. धुराड्यातून फुसफुस आली तर बाहेर सोडणारी झडप दोषी, तेलाच्या तोंडातून आली तर रिंगा. शेवटी प्लगच्या भोकातून बारीक दुर्बीण घालून ती झडप पाहतात. निरोगी झडपेवर रंगांची वर्तुळे सारखी असतात. एका कडेला रंग वेगळा पडला तर ती जळू लागली आहे असे समजावे. अशी झडप वेळेवर सापडली तर एक सिलिंडर उतरवून भागते. न सापडली तर ती हवेत असताना तुटते.

आणखी एक गोष्ट मालकांना पटत नाही. इंजिनाचा मोठा वैरी वापर नव्हे, न वापर होय. लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. विमान महिनोन् महिने उभे राहिले की त्याच्यावरचे तेल निथळून जाते, आणि दमट हवेत त्याला गंज धरतो. आपल्या कोकणच्या हवेत हे किती लवकर होत असेल, ते घरातली विळी पाहून कळेल! पुढे तो गंजलेला पृष्ठभाग कानशीसारखा घासत राहतो. म्हणून ‘फक्त ६०० तास झालेलं, पण दहा वर्षं शेडमध्ये झाकून ठेवलेलं’ विमान स्वस्त मिळत असेल तर दहादा विचार करावा. उलट रोज शिकाऊ मुलांना घेऊन उडणारे इंजिन पुष्कळदा आपली मुदत सुखाने गाठते.

नुकत्याच ओव्हरहॉल झालेल्या इंजिनाबद्दलही एक सूचना. नवी सून म्हणून त्याला जपून चालवू नये. रिंगा सिलिंडरच्या भिंतींना नीट बसण्यासाठी सुरुवातीचे तास ते चांगल्या जोराने चालवावे लागते, आणि तेलही साधे खनिज वापरावे लागते. पण हे तास दिवसा, चांगल्या हवेत, विमानतळाच्या आसपास काढावेत. रात्रीची किंवा समुद्रावरची फेरी नंतर. का, ते वॉडिंग्टनने आपल्याला सांगितलेच आहे.

वाचकहो, तुमच्यापैकी फार थोडे स्वतःचे विमान घेतील. पण पुतण्या उडायला शिकतो आहे, जावई छोट्या विमानातून फिरवून आणतो म्हणतो, असे प्रसंग आता दुर्मीळ राहिलेले नाहीत. अशा वेळी गप्प बसू नका. विचारा, ‘शेवटचं तेल बदललं तेव्हा गाळणी उघडून पाहिली का? गेल्या तीन महिन्यांत विमान किती उडालं? स्वयंचालक सोडवायचं बटण कोणतं?’ जाणत्या वैमानिकाला या प्रश्नांचा राग येत नाही. तो हसून तुम्हाला बोटाने दाखवतो. जो चिडतो किंवा ‘काही होत नाही हो’ म्हणतो, त्याच्या गाडीत बसण्याची घाई करू नका.

बैलांना वाट ठाऊक असते हे खरे. पण गाडीत पोरेबाळे असली, म्हणजे शहाणा गाडीवान ओढ्याच्या अलीकडे उठून बसतो आणि कासरा हातात घेतो.